प्रायश्चित्त आणि मुक्ती : पंडिता रमाबाईंचा धर्मशोध

१

‘प्रायश्चित्त’ हा शब्द मराठीत दोन भिन्न परंपरांचा भार वाहतो. धर्मशास्त्रात पापी मनुष्याने स्वतःच्या पापाच्या क्षालनार्थ स्वतः आचरावयाचे व्रत, असा त्याचा अर्थ आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय या व्रतांची सविस्तर चर्चा करतात. कृच्छ्र, चांद्रायण, दान, तीर्थयात्रा, जप ही त्यांची रूपे होत. पाप ज्याचे, प्रायश्चित्त त्याचे, हा येथील सामान्य नियम आहे. अल्पवयी बालकाच्या वतीने पित्याने किंवा भावाने व्रत करावे, अशा काही सवलती शास्त्रकारांनी दिल्या आहेत. परंतु त्या अपवादरूप आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हाच शब्द ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणासाठी योजला, तेव्हा त्यातील कर्ताच बदलला. पाप मनुष्याचे आणि प्रायश्चित्त ख्रिस्ताचे, असा नवा अन्वय तयार झाला. शब्द तोच राहिला, पण त्याच्या आतील विचार उलटा झाला.

या उलट्या अन्वयाचा अर्थ लावण्यात ज्या भारतीय व्यक्तींनी आपले आयुष्य वेचले, त्यांत पंडिता रमाबाईंचे स्थान विशेष आहे. स्त्रीशिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या इतिहासात त्यांचे कार्य पुष्कळ चर्चिले गेले आहे. त्यांचा धर्मविचार मात्र या कार्याची पार्श्वभूमी म्हणूनच बहुधा पाहिला जातो. वस्तुतः त्यांच्या जीवनातील महत्त्वाची सर्व वळणे एकाच प्रश्नाशी येऊन मिळतात. पापाचे ओझे कोण उतरवतो, आणि ज्यांना शास्त्राने मुक्तीचा मार्गच ठेवलेला नाही त्यांचे काय, हा तो प्रश्न होय.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हा प्रदेश आज कर्नाटकात आहे. त्या काळी म्हैसूर संस्थानचा कारभार बंगळूर येथील ब्रिटिश कमिशनरच्या हाती होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित होते. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत असता, गुरुजी पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून स्त्रीलाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी ती दिलीही. त्यामुळे उठलेल्या विरोधास त्यांनी उडुपी येथील पंडितांसमोर शास्त्राधारे उत्तर दिले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब गंगामूळ सोडून तीर्थयात्रेस निघाले. पुराणे सांगत, तीर्थे करीत त्यांनी पुढील अनेक वर्षे देशभर भ्रमण केले. आईच्या मुखातून रमाबाईंनी संस्कृत आत्मसात केले. घरात मराठी बोलली जाई आणि प्रवासात कानडी, हिंदी, पुढे बंगाली या भाषा त्यांच्या कानी-जिभेवर आल्या.

या भ्रमंतीची अखेर भीषण झाली. जवळचे द्रव्य ब्राह्मणभोजन, देवस्थानांतील दाने आणि व्रतवैकल्ये यांत संपले. लौकिक काम करून पोट भरणे कुलधर्मास शोभणारे नव्हते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ असता कुटुंबाने कित्येक दिवस झाडपाल्यावर काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी तीर्थात देह ठेवण्याचा निश्चय केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास याने जात्यभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दर्शविली. तोवर उशीर झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि थोड्याच काळाने थोरली बहीण कृष्णाबाई गेली.

या घटनेकडे केवळ कौटुंबिक दुर्दैव म्हणून पाहता येणार नाही. शास्त्राने सांगितलेले सारे काही या कुटुंबाने प्रामाणिकपणे केले होते. तीर्थे, दाने, उपवास, जप यांपैकी काहीही त्यांनी टाळले नव्हते. स्वकृत प्रायश्चित्ताचा मार्ग त्याच्या अंतिम टोकापर्यंत चालून पाहिलेल्या घरातील ही मुलगी होती. पुढे अन्य धर्मातील प्रायश्चित्तविचाराशी तिची गाठ पडली, तेव्हा हा अनुभव तिच्या पाठीशी उभा होता.

३

भाऊ-बहीण पायी उत्तरेकडे गेले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत पाहून तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथील पंडितांनी त्यांना स्त्रियांच्या धर्मावर व्याख्याने देण्यास सांगितले, म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ प्रथमच बारकाईने वाचले. या ग्रंथांत परस्परविरोध पुष्कळ होते. तथापि उच्च-नीच सर्व वर्णांच्या स्त्रिया स्वभावतःच दोषी आहेत आणि पतिसेवेवाचून त्यांना गती नाही, या मुद्द्यावर बहुतेकांचे एकमत आढळले. शूद्रांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रीने वेद वाचू नये असे मानणाऱ्या घरात वाढलेल्या रमाबाईंना तो धक्काच होता.

१८८० मध्ये श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने वारले. सिल्चर येथील या अल्पकालीन संसारातच लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली, आणि आयझॅक ॲलन या बाप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून दिली.

बंगालमध्ये या कथेभोवती वादाची एक परंपराच होती. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या नैतिक उपदेशाचे संकलन प्रसिद्ध केले, ते चमत्कार आणि सिद्धांत वगळून. त्यावर श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांनी आक्षेप घेतला. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्याचे प्रायश्चित्त काढून टाकल्यास उरते ते केवळ नीतिशास्त्र, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एकाच्या पापासाठी दुसऱ्या निर्दोषाने दंड भोगणे न्यायाला कसे धरून होईल, हा राममोहनांचा प्रश्न होता. ब्राह्म समाजाच्या सहवासात राहिलेल्या रमाबाईंना ही भूमिका परिचित असणे स्वाभाविक होते. त्यांच्या पुढील शंकांचा रोख बराचसा याच दिशेने होता.

४

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आणि हंटर आयोगापुढील साक्ष या त्या एका वर्षातील घटना होत. याच सुमारास फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. मूळचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीतील चित्पावन पंडित. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि ‘षड्दर्शन-दर्पण’ या ग्रंथात त्यांनी दर्शनांचे खंडन केले होते. शास्त्रार्थाच्या भाषेतच ख्रिस्ती सिद्धांत मांडणारा हा मनुष्य होता. रमाबाईंच्या बुद्धीला पटेल असा युक्तिवाद करणे त्याला शक्य होते, आणि त्याच्या लेखनाचा आपल्या निर्णयावरील प्रभाव रमाबाईंनी पुढे मान्य केला.

एप्रिल १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई इंग्लंडला निघाल्या. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांची व्यवस्था केली. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेला आश्रम दाखविला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे सन्मानाने वागविले जात होते. शास्त्रांनी अशा स्त्रियांसाठी देहदंडाची विधाने केलेली रमाबाईंनी वाचली होती. येथे त्याच स्त्रियांची सेवा का केली जाते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ख्रिस्ती धर्माचे वेगळेपण त्यांना प्रथम जाणवले ते या ठिकाणी. पाप्याला दूर लोटून न देता पापाचे निराकरण होऊ शकते, ही गोष्ट सिद्धांताच्या आधी त्यांच्यासमोर आचाराच्या रूपात आली.

सप्टेंबर १८८३ मध्ये आनंदीबाई भगत यांनी मनोविभ्रमाच्या अवस्थेत आत्महत्या केली. त्या आघाताच्या छायेतच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

५

बाप्तिस्म्याने प्रश्न मिटला नाही. खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन आणि संस्कृतचे अध्यापन करीत असता रमाबाईंचा सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. सिस्टर जेराल्डिन यांनी जपलेली ही पत्रे १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या धर्मचिंतनाचे इतके सलग आणि निर्भीड साधन दुसरे क्वचितच आढळेल.

वादाचा केंद्रबिंदू त्रैक्याचा सिद्धांत आणि ख्रिस्ताचे देवत्व हा होता. अथनेशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेले श्रद्धाविधान मान्य करण्यास रमाबाईंनी नकार दिला. बायबलमध्ये जे स्पष्ट नाही, ते केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारणे त्यांना शक्य नव्हते. पौरोहित्याच्या एका सत्तेतून सुटून दुसऱ्या सत्तेखाली जाण्याची त्यांची तयारी नव्हती. या शंकेचा प्रायश्चित्ताच्या सिद्धांताशी असलेला संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने मांडलेल्या उपपत्तीनुसार अनंत ईश्वराविरुद्धचा अपराध अनंत ठरतो. त्याची भरपाई मनुष्याने केली पाहिजे, परंतु ती करण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वरापाशी आहे. म्हणून भरपाई करणारा ईश्वर आणि मनुष्य असा दोन्ही असावा लागतो. ख्रिस्ताचे देवत्व डळमळीत झाले की ही सारी रचना कोसळते आणि क्रूसावरील मरण हे एका सत्पुरुषाचे बलिदान एवढेच उरते. बाराव्या शतकात आबेलार्डने ख्रिस्ताच्या मरणातील प्रेमाने मनुष्याचे मन पालटते यावर भर दिला होता. रमाबाईंचे त्या काळचे मन अन्सेल्मपेक्षा या दुसऱ्या दृष्टीला जवळचे होते, असे म्हणता येईल.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. रमाबाईंनी इंग्रज पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात की नाही, यावर बिशपांचे मत घेतले जात होते. त्यांना देऊ केलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या देशबांधवांना न कळणारी ही भाषा का, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याऐवजी संस्कृत शब्द असावेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी शाकाहारही सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना या साऱ्यात अहंकार दिसत होता. रमाबाई आणि मनोरमा मात्र त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. या संबोधनातील जिव्हाळा आणि पत्रांतील तीव्र मतभेद ही दोन्ही एकाच नात्याची अंगे होती.

६

१८८६ च्या प्रारंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८७ साली त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे होते. संस्थेचे धोरण धर्मप्रसाररहित होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. सदनातील विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

याच वेळी पुणे शहरात प्रायश्चित्त हा शब्द निराळ्या कारणाने गाजत होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता तेथे चहा देण्यात आला. हा बेत घडविणारे आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली. ग्रामण्य उभे राहिले आणि शंकराचार्यांनी नेमलेल्या पंचांपुढे प्रकरण गेले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. ज्या विधीवर अंतःकरणातून श्रद्धा नाही, तो कुटुंबाच्या आणि समाजाच्या सोयीसाठी करावा काय, असा प्रश्न सुधारकांपुढे होता. प्रायश्चित्त येथे पापापेक्षा बहिष्काराशी अधिक जोडलेले होते. विशेष म्हणजे वाँटेजच्या भगिनींचे पुण्यातील काम याच पंचहौद मिशनशी निगडित होते.

शहरात हा वाद पेटलेला असतानाच, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या अंतर्जीवनात निर्णायक बदल झाला. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांनी वाचले. धर्मगुरू असूनही आपले अंतःपरिवर्तन झालेच नव्हते, असा या हॅस्लमचा अनुभव होता. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे. पापाचे ओझे वाहून त्या थकल्या होत्या. स्वतःच्या सत्कृत्यांनी, विधींनी वा ज्ञानाने ते उतरत नव्हते. ते दुसऱ्याने आधीच उचलले आहे आणि आपण ते केवळ त्याच्या हाती सोडावयाचे आहे, हा अर्थ त्यांना त्या वेळी उमगला.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. राममोहनांचा आक्षेप न्यायाचा होता. निर्दोषाने दोषीचा दंड का भोगावा, हा. रमाबाईंचा अनुभव दुसऱ्या टोकाकडून आला होता. ज्याला स्वतःचे प्रायश्चित्त करण्याचे सामर्थ्य, द्रव्य आणि अधिकार आहे, त्याला दुसऱ्याने केलेले प्रायश्चित्त अन्यायाचे वाटू शकते. ज्याला अधिकारच नाही, त्याला ते एकमेव दार वाटते. स्त्री, शूद्र, विधवा, पतिता यांच्यासाठी शास्त्राने जे दार बंद केले होते, ते या सिद्धांताने विनामूल्य उघडते, हा रमाबाईंच्या प्रायश्चित्तविचाराचा गाभा आहे. अन्सेल्मची अपराध आणि भरपाई यांची भाषा त्यांनी नाकारली नाही. परंतु तिचे केंद्र ईश्वराच्या मानभंगाकडून वंचिताच्या अधिकाराकडे सरकले.

७

या परिवर्तनाची सामाजिक किंमत मोठी होती. सदनातील काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मप्रसाररहित संस्थेत चालकाच्या वैयक्तिक श्रद्धेची मर्यादा कोठे असावी, हा टीकाकारांचा प्रश्न निराधार नव्हता. आपली श्रद्धा लपवून ठेवणे हा अप्रामाणिकपणा होईल, हे रमाबाईंचे म्हणणेही तितकेच खरे होते. दोन्ही बाजूंचा हा पेच त्या काळी सुटला नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. स्वतःच्या आईवडिलांच्या उपासमारीची आठवण या प्रवासामागे होती. केडगाव येथील जमिनीवर १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. फुलहॅम येथे पाहिलेले दृश्य केडगावला प्रत्यक्षात आले. ‘मुक्ती’ आणि ‘कृपा’ ही नावे सहज निवडलेली नाहीत. पहिला शब्द मोक्षपरंपरेतला आहे. दुसऱ्याने तो कमाईच्या व्यवहारातून काढून दानाच्या व्यवहारात ठेवला आहे. येथील स्त्रिया विणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना अशी कामे शिकल्या. पुण्य मिळविण्यासाठी श्रम नाकारणाऱ्या घरातील मुलीने मुक्ती आधी आणि श्रम नंतर, असा क्रम लावला होता. १९०५ मध्ये केडगावी धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. त्या वेळी पापांची कबुली आणि अश्रू यांनी भारलेल्या प्रार्थनासभा तेथे झाल्या.

अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा त्यांनी त्यासाठी अभ्यासल्या. संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रीला कळत नाही, म्हणून संस्कृतच्या या पंडितेने साध्या मराठीची वाट धरली. हिंदू दर्शनांचे अर्थ ज्यांना चिकटलेले आहेत असे शब्द टाळण्याकडेही त्यांचा कल होता. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, स्त्रियांच्या हातून झाली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम पुरे होत असतानाच, रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

८

भारतीय ख्रिस्ती चिंतनाचा अभ्यास विसाव्या शतकात बंगळूरसारख्या केंद्रांतून पद्धतशीरपणे झाला. १९१० साली तेथे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आणि १९५७ साली धर्म व समाज यांच्या अध्ययनाची ख्रिस्ती संस्था स्थापन झाली. केशवचंद्र, ब्रह्मबांधव उपाध्याय, चेंचय्या, चक्करै यांचे विचार या अभ्यासातून समोर आले. रमाबाईंची गणना मात्र बहुधा सुधारकांतच होत राहिली. त्यांनी सिद्धांताचा ग्रंथ लिहिला नाही, हे त्याचे एक कारण असावे. परंतु त्यांची पत्रे, आत्मनिवेदन, संस्थांची नावे आणि भाषांतर यांचा एकत्र विचार केला असता एक सुसंगत प्रायश्चित्तविचार हाती येतो.

मराठी ख्रिस्ती साहित्यातील इतर लेखकांशी तुलना केल्यास त्याचे वेगळेपण ध्यानात येते. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताकडे भक्तिपरंपरेच्या वाटेने पाहिले. संतांचा वारसा त्यांना जोडून घ्यावयाचा होता. गोऱ्हे यांनी दर्शनांशी वाद मांडला. रमाबाईंना भक्तीचा सेतू बांधावयाचा नव्हता आणि दर्शनांवर विजयही मिळवावयाचा नव्हता. धर्मशास्त्रातील अधिकारभेद हा त्यांच्या विचाराचा प्रतिपक्ष होता. त्यामुळेच प्रायश्चित्त हा परंपरेतील शब्द त्यांच्या जीवनात पुन्हा जन्मला. पाप्याला बाहेर ठेवणारा विधी हा त्याचा अर्थ मागे पडला आणि बाहेर ठेवलेल्याला आत घेणारी कृती हा अर्थ पुढे आला. तो अर्थ सर्वांना मान्य व्हावा असे नाही. मराठीतील या शब्दाचा इतिहास लिहिताना मात्र धर्मशास्त्राच्या निबंधांशेजारी केडगावच्या त्या सदनाचीही नोंद करावी लागेल.